नाववाल्या अक्कांचं घर

मेहरूण भागातल्या एका घराचं खरेदीखत मी लिहिलं आणि त्यात खरेदीदार म्हणून एकच नाव घातलं. पैसे दोघांनी निम्मे निम्मे भरले होते, माझ्या देखत भरले होते, आणि दोघं माझ्या टेबलासमोर शेजारी शेजारी बसली होती. तरी एकच घातलं. त्याचं.

जळगावच्या रजिस्ट्री ऑफिसबाहेर मी तीस वर्षं टेबल टाकून दस्त लिहितो, तेव्हा चुका मला नव्या नाहीत. एकदा चतुःसीमेत पूर्वेच्या जागी पश्चिम लिहून एका गृहस्थांचा संडास मी त्यांच्या शेजाऱ्याला देऊन टाकला होता. तो पुढे चूकदुरुस्तीचा दस्त करून परत आणला. पण ज्या माणसाचं नावच लिहिलं नाही, त्याला कुठल्या दुरुस्तीत आणणार?

आणि गंमत बघा, जिचं नाव मी गाळलं तिचा धंदाच नाव टाकण्याचा. तुमच्या घरात एखादी परात असेल, तिच्या काठाला कोणा मामाचं नाव, गाव आणि 'सप्रेम भेट' असं टोचलेलं असेल. भांडी बाजारातल्या एका दुकानाच्या पायरीशी बसून ही बाई ते काम करायची. मांडीवर भांडं, हातात पेनासारखं विजेचं यंत्र, नाकावर दोरीने बांधलेला चष्मा. भांडं हातात आलं की ती आधी ते पालथं करायची. बुडाशी आधीचं एखादं नाव तर नाही ना, हे बघायची. मग चष्म्यावरून गिऱ्हाइकाकडे बघून विचारायची, "कोणाच्या नावाने?" सगळा बाजार तिला नाववाल्या अक्का म्हणायचा. मीही म्हणायचो, वयाने मी बारा-तेरा वर्षांनी मोठा असून. त्या मला रायटरभाऊ म्हणायच्या.

त्यांचे काही नियम होते. देणाऱ्याचं नाव बारीक आणि खाली. एक पुढारी आपलं नाव नवरीच्या नावापेक्षा मोठं टाका म्हणून अडून बसले, तर अक्कांनी त्यांना त्यांची पंचवीस पातेली परत दिली आणि सांगितलं, पोस्टर छापणारा पलीकडच्या गल्लीत बसतो. एकदा एक बाई रागारागात माहेरची भांडी घेऊन आली आणि त्यांच्यावर टाकलेलं सासरचं नाव काढून द्या म्हणाली. अक्का म्हणाल्या, "नाव टाकता येतं बाई, काढता येत नाही. वर रेघ मारून देते. पण मग रेघ दिसेल." बाईने विचार केला आणि रेघ नको म्हणाली.

मीही त्यांचं गिऱ्हाईक. भाचीच्या लग्नात द्यायच्या कळशीवर नाव टाकायला मी चिठ्ठी लिहून दिली. ती लिहिताना हात घाईत होता, तेव्हा नवरीऐवजी तिच्या मोठ्या बहिणीचं नाव पडलं. तिचं लग्न होऊन तीन वर्षं झाली होती. मांडवात मोठ्या जावयांनी कळशीवरचं नाव वाचलं आणि ती आपली म्हणून उचलून नेली. मी तणतणत बाजारात गेलो. अक्कांनी तारेला खोचलेल्या चिठ्ठ्यांतून माझी काढली, माझ्यासमोर धरली, आणि पुन्हा तारेला खोचली. दस्तलेखकाचा याहून शांतपणे झालेला अपमान मी पाहिलेला नाही.

त्यांची आणि मोटारवाल्याची ओळख पान्यांवरून झाली. त्याचं बोअरवेलच्या मोटारींना वाइंडिंग करण्याचं दुकान होतं. माणूस धुळ्याचा. दुकानातले पाने चोरीला जातात म्हणून तो एक पाना घेऊन नाव टाकायला आला. दुसऱ्या दिवशी दुसरा घेऊन आला. सगळे एकदम का आणत नाही, असं अक्कांनी चौदाव्या पान्याला विचारलं. एकविसाव्या पान्यानंतर दोघं एकत्र राहायला लागली.

लग्न केलं नाही. त्याचं आधी एक होऊन मोडलं होतं. तो म्हणायचा, एकदा केलं, पुरे झालं. अक्का म्हणायच्या, मी कधी केलं नाही, तरी पुरे झालं. बाजाराने महिनाभर तोंडात बोटं घातली, मग बोटं दुखायला लागली म्हणून काढली. फक्त घरमालक मंडळी मात्र दर अकरा महिन्यांनी करार नवा करताना विचारायची, तुमचं नातं काय लिहू? त्या प्रश्नाला कंटाळून दोघांनी पाच वर्षांनी मेहरूणमध्ये दोन खोल्यांचं घर घ्यायचं ठरवलं, आणि नात्याचा प्रश्न विचारणाऱ्यांतला सगळ्यात मोठा माणूस गाठला. म्हणजे मला.

आमच्या धंद्यात पुरुष नुसता पुरुष असतो. बाईचं नाव आलं की माझा हात पुढे आपोआप 'जौजे' लिहितो, म्हणजे अमक्याची बायको. इथे हात थांबला. अक्का म्हणाल्या, "वडिलांचं नाव लिहा ना पुढे. मला वडील होते." इतकं सोपं होतं. पण सोपं सांगितलं तर रायटर कसला? मी खुर्चीत मागे रेललो आणि म्हणालो, अक्का, घर एकाच्या नावावर असलेलं बरं, पुढे कटकट नाही. आत ऑफिसात उगाच कोणी काही विचारायला नको. आणि तुमचे पैसेही आधी भाऊंच्या खात्यात भरा, चेक एकाच खात्यातून गेलेला सुटसुटीत. त्यांनी पोस्टातली ठेव मोडली, भिशी उचलली आणि सगळं त्याच्या खात्यात भरलं. मी त्यांच्याबरोबर बँकेत गेलो होतो. परत येताना त्यांनीच मला उसाचा रस पाजला, सल्ल्याबद्दल.

खरं कारण तुम्हाला सांगतो. आतल्या कारकुनासमोर 'ही यांची कोण' हे सांगायची मला लाज वाटली. त्यांना नाही वाटली. मला वाटली.

सहा वर्षं बरी गेली. मग त्यांनी वेगळं व्हायचं ठरवलं. बाजाराने मारहाण, दारू, दुसरी बाई अशी सगळी चौकशी केली आणि काहीच न निघाल्याने बाजार नाराज झाला. अक्का मला म्हणाल्या होत्या, "आम्हाला एकमेकांचा कंटाळा आला, रायटरभाऊ. नवरा-बायकोला त्याची परवानगी नसते. आम्हाला आहे." त्याला धुळ्याला भावांजवळ जायचं होतं. अक्कांना मेहरूणचं घर सोडायचं नव्हतं. त्याच्या निम्म्याचे पैसे त्या द्यायला तयार होत्या. प्रश्न एवढाच होता की त्यांचं स्वतःचं निम्मं कुठे लिहिलं होतं? कुठेच नव्हतं.

वाटणीला त्याचा मोठा भाऊ धुळ्याहून आला. सगळे त्यांना नाना म्हणत. मिरची कांडपाची गिरणी, आवाजही गिरणीवर कमावलेला. अकरा वर्षांत नाना एकदाही यांच्या घरी आले नव्हते, कारण लग्नाशिवायच्या घरचं पाणी त्यांना चालत नसे. मोडायला मात्र पहिल्या बसने आले आणि आल्या आल्या पाणी मागितलं. कागदातला जाणकार म्हणून मलाही बोलावलं होतं. मीही गेलो. जाणकार म्हटलं की मी कुठेही जातो.

भांड्यांपासून सुरुवात झाली. नाना बाह्या सरसावून बसले होते, दोन तास तरी जातील या हिशोबाने. अक्कांनी फडताळातली भांडी एकेक काढून पालथी घातली. प्रत्येकाच्या बुडाशी नाव आणि तारीख. जे तिने घेतलं त्यावर तिचं, जे त्याने घेतलं त्यावर त्याचं. कुकरवर होतं, झाऱ्यावर होतं, गॅसच्या शेगडीच्या पाठीवर होतं. दुसऱ्यांच्या घरची भांडणं बुडाशी वाचत बसलेली बाई ती, तिने आपल्या घरात पहिल्या दिवसापासून सोय करून ठेवली होती. पंधरा मिनिटांत वाटणी संपली. त्याच्या वाट्याला पाण्याची टाकी, एक तांब्या आणि जेवणाचा डबा आला. डब्यावरचं नाव रोजच्या घासण्याने पुसट झालं होतं. तो ते अंगठ्याने चाचपत बसला.

मग नाना म्हणाले, "भांडा व्हयी गयात. आते घरनं." आणि माझ्याकडे वळून विचारलं, कागदावर कोणाचं नाव आहे. मी सांगितलं.

"मना भाऊनं. मंग घर बठ्ठं त्यानं शे."

अक्का म्हणाल्या, निम्मे पैसे माझे आहेत. नाना म्हणाले, दाखवा. अक्कांनी माझ्याकडे बघितलं. "रायटरभाऊ तिथे होते. त्यांना विचारा."

आता इथे दोन वाक्यं बोलायची होती. पैसे दोघांनी भरले, आणि एकच नाव मी सुचवलं. पण दुसरं वाक्य बोललो तर उद्या सगळ्या रजिस्ट्री ऑफिसात होणार की हा माणूस दस्तात निम्मे मालक विसरतो. तीस वर्षांचं टेबल माझ्या डोळ्यांसमोर आलं. मी घसा साफ केला, चष्मा पुसला आणि म्हणालो, कागदावर जे असतं ते असतं. हे वाक्य मी लोकांना रोज ऐकवतो. इतक्या वाईट ठिकाणी कधी वापरलं नव्हतं.

मोटारवाला मान खाली घालून होता. अक्का नुसतं "बरं" म्हणाल्या, आणि उठून नानांसाठी चहा टाकला. मला पण दिला. त्यात साखर बरोबर होती, हे जास्त लागलं.

तिसऱ्या दिवशी त्या माझ्या टेबलाशी आल्या. मी तीन दिवस विचार करत होतो. खरं बोलावं याचा नव्हे, खरं न बोलता कसं सुटता येईल याचा. आणि मला युक्ती सापडली होती. मी त्यांना खुर्ची दिली आणि उत्साहाने समजावून सांगितलं. घर तुमच्या नावावर करायचं म्हणजे भाऊंनी ते तुम्हाला लिहून द्यायला पाहिजे. अकरा वर्षं एका छपराखाली राहिलात, पण मुद्रांकाच्या हिशोबात तुम्ही दोघं परकी. पूर्ण शुल्क पडेल. तेच नवऱ्याने राहतं घर बायकोला बक्षीस दिलं तर मुद्रांक नाममात्र. आणि नाना कितीही तापले तरी बायकोला घर दिलं म्हणून भावाला बोलू शकणार नाहीत. तेव्हा तुम्ही असं करा, आधी लग्न करा. एक महिन्याची नोटीस, मग सह्या. लगेच बक्षीसपत्र. मग सवडीने घटस्फोट.

अक्कांनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं. चष्म्यावरून बघत विचारलं, "म्हणजे वेगळं व्हायला लग्न करायचं?"

मी म्हणालो, कायद्याने तेच स्वस्त पडतं.

"अकरा वर्षं लोक म्हणत होते, लग्न करा. तेव्हा केलं नाही. आता सरकारचे पैसे वाचवायला करू?" त्या हसायला लागल्या. इतक्या हसल्या की शेजारच्या टेबलावरचा माझा स्पर्धक टायपिंग थांबवून बघायला लागला. मग चष्मा काढून त्यांनी डोळे पुसले आणि म्हणाल्या, "तुम्ही डोकं लावू नका. तुमचं डोकं मी एकदा वापरलंय. तुम्ही नुसते धुळ्याला जा आणि जे झालं ते सांगा."

मी विचारलं, आणि त्यांनी ऐकलं नाही तर?

"तर घर जाईल. पण मग खोटं बोललं म्हणून जाणार नाही." मग म्हणाल्या, "त्या दिवशी तुम्ही तसं म्हणालात ना, तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं, की खरंच मी तिथे नव्हते की काय."

मी उठून धुळ्याच्या एसटीची वेळ विचारून आलो.

दुसऱ्या दिवशी एरंडोल, पारोळा करत एसटीने धुळ्याला पोचलो. वाटेत तीन वेळा ठरवलं की पारोळ्याला उतरून परत फिरावं. झोप लागली म्हणून उतरलो नाही, धैर्य म्हणून नव्हे. नानांनी मला जेवायलाच बसवलं. शेवभाजी त्यांच्याच गिरणीच्या तिखटाची. पहिल्या घासाला डोळ्यांतून पाणी आलं, आणि मला वाटलं, हीच वेळ आहे, पश्चात्तापाचं म्हणून खपून जाईल. मी सगळं सांगितलं. पोस्टाची ठेव, भिशी, बँक, एकच खातं, एकच नाव. त्यांना वडिलांचं नाव लिहायचं होतं, मी लिहू दिलं नाही, हेही सांगितलं. उसाच्या रसाचंही सांगितलं.

नाना जेवायचे थांबले. "मंग त्या दिन काब्र नही बोलनात?"

मी म्हणालो, भ्यायलो.

"कागद खोटा शे का तुम्ही?"

मी म्हणालो, दोन्ही.

मोटारवाला भिंतीशी बसला होता. तो एवढ्या वेळात पहिल्यांदा बोलला. "नाना, हे खरं आहे. मला माहीत होतं." नानांनी त्याच्याकडे बघितलं. तो म्हणाला, "मला वाटलं, हे बोलतील. हे जाणकार आहेत." म्हणजे त्या दिवशी मेहरूणच्या खोलीत आम्ही दोघेही खरं गिळून बसलो होतो, आणि ती एकटी चहा करत होती.

मला वाटलं, आता गिरणी सुरू होणार. पण नाना ताटातल्या भाजीकडे बघत भावाला इतकंच म्हणाले की अकरा वर्षं तिच्या हातचं खाल्लंस, आता तिचं घर खाऊ नकोस. मग मला म्हणाले, "आते लिखी द्या. तोंडनं काही खरं नही तुमनं."

तेव्हा धुळ्यात बसून मी माझ्याच विरुद्ध प्रतिज्ञापत्र लिहिलं. आयुष्यात शेकडो लिहिली, इतकं सुबक एकही उतरलं नाही. अक्कांच्या नावापुढे वडिलांचं नाव लिहिलं. अर्धी ओळ लागली. सहा वर्षांपूर्वीही तेवढीच लागली असती.

घराचा दस्त महिन्याभरात झाला. निम्मे पैसे पहिल्या खरेदीच्या वेळीच तिने दिलेले, हे त्यात स्पष्ट लिहिलं, आणि उरलेले निम्मे तिने त्याला दिले. मुद्रांक मात्र सगळ्या घरावर भरला, परकी म्हणून. माझ्या चुकीपायी तिला आपलंच निम्मं घर पुन्हा सरकारदरबारी विकत घ्यावं लागलं. मी वाटा उचलतो म्हणालो, तर म्हणाल्या, मग तुमचं नाव कुठे टाकू?

पुढे भांडी बाजारातल्या त्या दुकानात लेझरचं यंत्र आलं. ते भांडं पालथं करून बघत नाही आणि कोणाच्या नावाने विचारत नाही, तुम्ही मोबाइलवर जे पाठवाल ते छापतं. अक्का आता घरीच थोडंफार काम करतात म्हणे. बाजारात येत नाहीत, आणि मेहरूणला जायला मला काही निमित्त सापडत नाही. त्या पायरीवर हल्ली कोणी तरी चपला काढून ठेवतं.

मी त्यांना नीट पाहिलं ते शेवटचं, दस्ताच्या दिवशी. मला वाटलं होतं, दस्त मीच फुकट लिहून देईन, तेवढंच मन हलकं होईल. सकाळी बघतो तर दोघं माझ्या टेबलावरून पुढे गेली आणि माझ्या स्पर्धकाकडे बसली. लिहून झाल्यावर अक्कांनी मला बोलावलं, साक्षीदार म्हणून चला. आत फोटो झाले, अंगठे झाले. मोटारवाल्याने सही केली आणि पेन अक्कांच्या हातात दिलं. त्यांनी हळूहळू, एकेक अक्षर टोचल्यासारखी सही केली, वडिलांच्या नावासकट. दोघांनी एकमेकांकडे बघितलं, आणि त्याने विचारलं की टाकी टेंपोत बसेल ना. त्या म्हणाल्या, आडवी ठेवा.

मग माझी पाळी आली. कारकून मला तीस वर्षं ओळखतो. त्याने माझ्याकडे बघितलं, दस्तावरचं दुसऱ्या रायटरचं नाव बघितलं, आणि विचारलं, तुम्ही साक्षीदार कसे, हा दस्त तुम्ही नाही का लिहिला?

मी काही तरी बोलायला तोंड उघडलं. अक्का आधी बोलल्या.

"यांना नुसती सही करू द्या, साहेब. लिहायला बसले की यांच्या हातून माणसं गळतात."